शेवटची गोळी कधी घेतली होती?

प्रश्न: मी मूळची नाशिकची. फार्मसीचं शिक्षण घेऊन अमेरिकेत आले, परवान्याच्या परीक्षा दिल्या आणि आता टेक्सासमध्ये एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. गेल्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या एका होंडुरासच्या पेशंटची बायको काउंटरवर आली. नवऱ्याला इमिग्रेशनवाल्यांनी नेलं होतं. त्याचं इन्सुलिन आणि फिट्सच्या गोळ्या पिशवीत घेऊन ती विचारत होती, "हे त्याच्यापर्यंत कसं पोचवू?" मला काहीच सांगता आलं नाही. हे काम वकिलांचं की आपलंही? आणि मी स्वतः एच-वन-बी व्हिसावर असताना यात पडावं का?

उत्तर:

आधी त्या बाईंचं बघू, व्हिसाचं नंतर.

ती पिशवी आत पोचणार नाही. बाहेरून आणलेली औषधं कोठडीत जवळजवळ कुठेच पेशंटच्या हातात दिली जात नाहीत. घेतलीच तर त्याच्या सामानात जमा होतात आणि तिथेच राहतात. आत मिळणारी प्रत्येक गोळी तिथल्या डॉक्टरने किंवा नर्स प्रॅक्टिशनरने नव्याने लिहून द्यावी लागते. त्यामुळे औषधांपेक्षा औषधांची माहिती आत जाणं जास्त गरजेचं आहे. ती माहिती त्या बाईंच्या पिशवीत अर्धीमुर्धी आहे आणि तुमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये पूर्ण आहे. कोणतं औषध, किती मात्रा, कोणी लिहून दिलं, शेवटचं कोणत्या तारखेला नेलं, किती दिवसांचं नेलं, हे सगळं तिथे आहे. तो कोणत्या कोठडीत आहे हे इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन लोकेटरवर त्याचा ए-नंबर (त्या खात्याने दिलेला ओळख क्रमांक) आणि जन्मदेश टाकला की कळतं. तिथल्या वैद्यकीय विभागाला फोन लावा, फॅक्स नंबर घ्या आणि त्याच दिवशी हा तपशील पाठवा.

बहुतेक फार्मासिस्ट इथेच अडतात. "पेशंटची सही नाही, हिपाचा भंग होईल," असं म्हणून फोन खाली ठेवतात. हिपा म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा. पण उपचारासाठी एका आरोग्यसेवकाने दुसऱ्या आरोग्यसेवकाला माहिती द्यायला हिपामध्ये पेशंटची लेखी संमती लागत नाही. कोठडीत असलेल्या माणसाच्या उपचारासाठी तिथल्या संस्थेला माहिती द्यायची मुभाही त्याच नियमांत आहे. वकिलाला कागद द्यायचे असतील तेव्हा मात्र सही हवीच. हा फरक पाठ करून ठेवा, कारण आपल्याच दुकानातला मॅनेजर तुम्हाला अडवेल आणि तेव्हा तुम्हाला तो ठामपणे सांगता आला पाहिजे.

आता तुमचा मूळ प्रश्न. हे काम आपलं आहे का? आहे, आणि त्यातला एक भाग फक्त आपलाच आहे.

मी सांगलीची. वीस वर्षांहून अधिक काळ दक्षिण कॅलिफोर्नियात हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी इमिग्रेशनच्या वकिलांना त्यांच्या अशिलांचे औषधांचे कागद वाचून देते आणि लागेल तिथे पत्र लिहून देते. वकिलाला हक्क माहीत असतात. डॉक्टरला आजार माहीत असतो. पण गोळी थांबली की शरीर किती तास, किती दिवस तग धरतं, हे आपण कॉलेजात शिकलो. अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, हे जे प्रकरण आपण परीक्षेपुरतं घोकलं, त्यावर इथे माणसाचा जीव अवलंबून असतो. "माझ्या अशिलाला औषध मिळत नाहीये" असं वकिलाने लिहिलं तर ती शंभरातली एक तक्रार होते. "या माणसाच्या रक्तातलं लेव्हेटिरासिटाम उद्या दुपारपर्यंत संपलेलं असेल, त्यानंतर कधीही फिट येऊ शकते" असं फार्मासिस्टने लिहिलं की वाचणाऱ्याला घड्याळाकडे बघावंच लागतं.

म्हणून कोणताही फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते, "शेवटची गोळी कधी घेतली होती?" आजाराचं नावसुद्धा नंतर.

टाइप वन मधुमेह असेल तर इन्सुलिनवाचून एका दिवसाच्या आत कीटोअ‍ॅसिडोसिस सुरू होऊ शकतो. म्हणजे रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. तिथे पत्र लिहीत बसायचं नाही, फोनच लावायचा. फिट्सच्या गोळ्यांमध्ये फरक आहे. लेव्हेटिरासिटाम दीड-दोन दिवसांत शरीराबाहेर जातं, फिनोबार्बिटाल कित्येक दिवस रेंगाळतं. रक्तदाबाचं क्लोनिडिन अचानक थांबलं तर एक-दोन दिवसांत रक्तदाब आधीपेक्षाही वर उसळी घेतो. झोपेच्या किंवा घबराटीच्या म्हणून वर्षानुवर्षं घेतलेल्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर फिट येऊ शकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो माणूस नुसता अस्वस्थ, भांडकुदळ वाटतो. अफूसारख्या नशेचं व्यसन सोडवायला दिलेलं मिथॅडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन थांबलं की एक ते तीन दिवसांत माणूस उलट्या-जुलाबांनी हैराण होतो. मूत्रपिंड बदललेल्याचं टॅक्रोलिमस, एचआयव्हीच्या गोळ्या, क्षयाच्या गोळ्या यांचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते आठवड्यांनी दिसतं आणि मग भरून निघत नाही.

उलट कोलेस्टेरॉलची गोळी दोन आठवडे चुकली तर काही कोसळत नाही. थायरॉईडच्या गोळीचं अर्धायुष्य सुमारे सात दिवस आहे, तिथेही थोडी सवड असते. हेही मी पत्रात स्पष्ट लिहिते. प्रत्येक औषधासाठी सारखीच आरडाओरड केली तर ज्या औषधासाठी खरोखर आज रात्री धावपळ हवी आहे ते यादीत हरवून जातं. कोणासाठी थांबता येईल हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस जेव्हा म्हणतो की इथे थांबता येणार नाही, तेव्हा त्याचं ऐकलं जातं.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. गुजरातमधला पस्तिशीतला माणूस, मेक्सिकोच्या सीमेवरून आला, आश्रय मागितला, कोठडीत गेला. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप गेलेली, विशीत कृत्रिम झडप बसवलेली. बॅग सीमेवरच काढून घेतली गेली. तपासणीच्या वेळी त्याने हिंदीत सांगितलं, "खून पतला करने की गोली." फोनवरच्या दुभाष्याने ते बरोबर सांगितलं, पण कागदावर "अ‍ॅस्पिरिन" असं उतरलं. त्याला रोज अ‍ॅस्पिरिन मिळत होती, आणि नोंदीनुसार सगळं व्यवस्थित होतं.

वकिलाने मला त्याच्या बायकोने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दिला. घरी राहिलेल्या स्ट्रिपचा तुकडा. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे मेडिकलवाला दहाची स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या देतो, आणि नाव नेमकं कापलेल्या बाजूला जातं. फॉइलवर फक्त "ट्रोम २" एवढं उरलं होतं. अमेरिकन फार्मासिस्टला त्यातून काहीच कळलं नसतं. मी सांगलीत मामांच्या दुकानात बसायचे, मला बघताक्षणी कळलं: अ‍ॅसिट्रोम, म्हणजे अ‍ॅसेनोकुमरॉल. झडपेवर गुठळी होऊ न देणारं, रक्त पातळ करणारं औषध. खात्री म्हणून बायकोला मेडिकलचं बिल शोधायला सांगितलं. बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि डॉक्टरांचं नाव सगळं होतं.

आता इथली अडचण बघा. हे औषध अमेरिकेत मिळतच नाही. इथे वॉरफरिन आहे. तिथल्या नर्सने नाव शोधलं असतं तर यादीत सापडलं नसतं. वॉरफरिन थांबवल्यावर त्याचा परिणाम चार-पाच दिवस हळूहळू उतरतो, अ‍ॅसेनोकुमरॉलचा साधारण दोन दिवसांत. म्हणजे वॉरफरिनच्या हिशेबाने कोणी "अजून वेळ आहे" म्हटलं असतं तर ते चुकलं असतं. आणि "हे नाही तर रक्त पातळ करणारी नवी गोळी देऊ" हा तिसरा धोका. कृत्रिम धातूच्या झडपेला त्या नव्या गोळ्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची चाचणी २०१२ साली आणि अ‍ॅपिक्सबॅनची २०२२ साली, दोन्ही मध्येच थांबवाव्या लागल्या. मी एका पानाचं पत्र लिहिलं: औषध कोणतं, इथे त्याऐवजी काय, मधल्या दिवसांत हेपरिनचं इंजेक्शन का हवं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २.५ ते ३.५ च्या दरम्यान का हवा, आणि ही तपासणी आजच का करायची. पत्र गेलं त्या दिवशी त्याचा आयएनआर १.१ होता, म्हणजे रक्त अजिबात पातळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपचार सुरू झाले. झडपेवर गुठळी झाली नव्हती.

या प्रसंगात कोणी दुष्टपणा केला असं मला म्हणायचं नाही. अ‍ॅस्पिरिन लिहिणाऱ्या नर्सकडे त्या रात्री किती लोक आले असतील ते मला माहीत आहे. २०२५ च्या जानेवारीत एका वेळी सुमारे ३९ हजार लोक इमिग्रेशनच्या कोठडीत होते, ऑगस्टमध्ये ते ६० हजारांच्या वर गेले. खाटा वाढल्या तितक्या झपाट्याने नर्स वाढत नाहीत.

पहिल्या तपासणीत आपल्याकडच्या लोकांचं आणखी एक होतं. "तुम्हाला काही त्रास आहे का?" असं विचारलं की ते "नाही" म्हणतात. खोटं बोलत नाहीत. गोळीने साखर ताब्यात आहे, मग त्रास कसला? माझी आईही हेच म्हणेल. "रोज कोणती गोळी घेता?" असं विचारलं की तीच माणसं तीन गोळ्यांची नावं रंगासकट सांगतात. काही जण भीतीने लपवतात, आजारी आहे म्हटलं तर सुटका लांबेल असं त्यांना वाटतं. म्हणून नातेवाइकांशी बोलताना त्यांना एवढं सांगा की फोनवर बोलणं झालं तर त्याला म्हणावं, प्रत्येक गोळीचं नाव घे, न विचारता सांग, आणि लेखी अर्ज कर. कोठडीत डॉक्टरकडे जायला अर्ज भरावा लागतो, त्याला तिथे सिक कॉल म्हणतात. अर्जाची तारीख लक्षात ठेवावी, जमल्यास कुठेतरी लिहून ठेवावी.

नियमांचं थोडं सांगते, कारण पत्रात ते लागतात. इमिग्रेशन कोठड्यांसाठी खात्याची स्वतःची मानकं आहेत. त्यातली २०११ ची मानकं अनेक ठिकाणी लागू आहेत. त्यांत म्हटलं आहे की आल्यापासून १२ तासांत प्राथमिक तपासणी व्हावी. जो औषधांवर आहे किंवा तसं सांगतो, त्याला जास्तीत जास्त २४ तासांत वैद्यकीय कर्मचाऱ्याने तपासून आवश्यक औषधांची सोय करावी. १४ दिवसांत सविस्तर तपासणी व्हावी. दुसऱ्या कोठडीत हलवताना किमान सात दिवसांची औषधं सोबत द्यावीत, क्षयाची असतील तर १५ दिवसांपर्यंतची. सोडताना ३० दिवसांपर्यंतची. कोणत्या कोठडीला कोणती मानकं लागू आहेत हे तिच्या कंत्राटावर ठरतं, ते वकिलाला विचारा. सीमेवरच्या तात्पुरत्या कोठड्यांची व्यवस्था वेगळी आहे, तिथे माणसाला साधारण ७२ तासांहून अधिक ठेवू नये असा नियम आहे. ही मानकं म्हणजे कायदा नव्हे, त्यांच्या भंगाबद्दल थेट कोर्टात जाता येत नाही. पण पत्रात "२४ तास" हा आकडा आला की वाचणारा सावध होतो.

कायद्याची बाजू वकील सांभाळतील, तरी एक गोष्ट फार्मासिस्टला माहीत हवी. १९७६ साली एस्टेल विरुद्ध गॅम्बल या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कैद्याच्या गंभीर वैद्यकीय गरजेकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य आहे. १९९४ च्या फार्मर विरुद्ध ब्रेनन या निकालाने "जाणूनबुजून" या शब्दाचा अर्थ पक्का केला, म्हणजे अधिकाऱ्याला धोका प्रत्यक्ष माहीत असायला हवा. इमिग्रेशन कोठडी ही शिक्षा नाही, ती दिवाणी स्वरूपाची आहे, त्यामुळे तिथल्या माणसाचं संरक्षण यापेक्षा कमी असू शकत नाही. आता लक्षात येईल तुमच्या एका पानाच्या पत्राचं वजन काय आहे. ते पोचलं त्या क्षणापासून "आम्हाला माहीत नव्हतं" असं म्हणता येत नाही. म्हणून फॅक्स गेल्याची पावती जपून ठेवा. मी तर फोन केल्याची वेळ आणि ज्याच्याशी बोलले त्याचं पदही लिहून ठेवते.

पत्र कसं असावं? एका पानात बसेल असं. वर पेशंटचं नाव, ए-नंबर, जन्मतारीख. पहिल्याच ओळीत मागणी, म्हणजे "यांना आज रात्रीपर्यंत बेसल (दिवसभर पुरणारं) इन्सुलिन मिळायला हवं." त्याखाली औषध, मात्रा, शेवटच्या डोसची तारीख आणि वेळ, आणि चुकलं तर किती वेळात काय होऊ शकतं. तिथल्या यादीत तेच औषध नसेल तर कोणतं चालेल, हेही तुम्हीच सांगा, म्हणजे "उपलब्ध नाही" या उत्तराला जागा राहत नाही. निदान करू नका, ते आपलं काम नाही. इमिग्रेशनच्या धोरणावर एक शब्दही लिहू नका. मला त्याबद्दल खूप बोलायचं असतं, पण पत्रात ते आलं की वाचणारा ते पत्र एका पक्षाचं समजतो आणि इन्सुलिन बाजूला राहतं. पत्र कोठडीच्या आरोग्य प्रशासकाच्या नावे पाठवा, प्रत वकिलाला. दोन दिवसांत हालचाल झाली नाही तर तिथल्या खासदाराच्या कार्यालयात जा. अमेरिकेत प्रत्येक खासदाराकडे अशा प्रकरणांसाठी माणसं असतात, पेशंटच्या सहीचा एक फॉर्म लागतो, आणि त्यांच्या फोनला उत्तर मिळतं. पूर्वी कोठड्यांवर नजर ठेवणाऱ्या लोकपाल कार्यालयाकडेही मी तक्रार पाठवत असे, पण मार्च २०२५ मध्ये तिथले बहुतेक कर्मचारी कमी केले गेले, तेव्हापासून माझा भर खासदारांवर आहे.

कागद पाठवला म्हणजे तो वाचला जाईलच असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. १७ मे २०२३ रोजी टेक्सासमध्येच, हार्लिंजनच्या सीमा पोलिसांच्या ताब्यात आठ वर्षांची मुलगी वारली. तिला सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता, जन्मापासून हृदयाचा आजार होता. विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या वाचकांना सिकल सेल म्हणजे काय ते सांगायला नको. तिच्या आईने वारंवार मदत मागितली, रुग्णवाहिका मागितली. खात्याच्याच चौकशीत नोंद आहे की तिची कागदपत्रं आणि औषधं समोर आणली गेली तेव्हा नर्स प्रॅक्टिशनरने ती बघायला नकार दिला, फक्त आईने सांगितलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देऊ दिली. तो अहवाल वाचल्यापासून मी फॅक्सवर विसंबत नाही. फॅक्स करते, तासाभराने फोन करते, आणि विचारते, "दुसऱ्या ओळीत काय लिहिलंय ते मला वाचून दाखवता का?" समोरच्याला ते आवडत नाही. पण वाचून दाखवताना तो ते वाचतो.

औषध सुरू झालं की आपलं काम संपलं असं समजू नका. वकिलामार्फत, पेशंटच्या सहीने, त्याचा औषध दिल्याचा रोजचा तक्ता मागवा. हॉस्पिटलमध्ये आपण ज्याला एमएआर म्हणतो तोच. हा तक्ता वाचायची सवय फक्त नर्सना आणि आपल्याला असते, वकिलाला त्यात नुसते चौकोन दिसतात. मी आधी रिकामे चौकोन मोजते, मग "नकार दिला" अशा नोंदी. एका माणसाने महिन्यात अकरा वेळा इन्सुलिन नाकारल्याची नोंद होती. तारखा जुळवून बघितल्या तर त्यातल्या काही दिवशी तो सुनावणीला कोर्टात होता, आणि बाकीच्या सगळ्या पहाटेच्या होत्या. पहाटे चारच्या सुमारास औषधाची रांग लागायची, झोपेतून उठून तो पोचेपर्यंत रांग संपलेली असायची. कागदोपत्री मात्र हट्टी पेशंट. वेळ बदलून मागितली, नकार थांबले.

इन्सुलिनच्या रांगेबद्दल आणखी एक. रेग्युलर इन्सुलिन टोचल्यावर अर्ध्या तासात जेवण समोर यायला हवं. रांग चारला आणि नाश्ता सहाला असेल तर मधल्या वेळात साखर खाली जाते. पेशंट घाम फुटून, थरथरत उठतो, घाबरतो आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच इन्सुलिन नाकारतो. तुमच्या पेशंटला नेमकं कोणतं इन्सुलिन देताहेत आणि जेवणाची वेळ काय, हे दोन्ही विचारा. एकाचं उत्तर दुसऱ्याशिवाय उपयोगाचं नाही.

सगळ्यात जास्त औषधं हलवाहलवीत चुकतात. टेक्सासमधला माणूस तीन दिवसांत लुइझियानात गेलेला असतो. सात दिवसांची औषधं सोबत द्यायची असतात, पण माणूस एका बसमधून जातो आणि त्याची फाइल मागून येते. शुक्रवारी संध्याकाळी पोचला तर माझ्या अनुभवात सोमवार-मंगळवारपर्यंत काही खरं नसतं, कारण अनेक कोठड्यांत फार्मासिस्ट नसतो आणि औषधं बाहेरच्या कंत्राटी फार्मसीकडून येतात. म्हणून घरच्यांना रोज लोकेटर बघायला सांगा. ठिकाण बदललं की तुमचं पत्र नव्या पत्त्यावर पुन्हा पाठवा. तेच पत्र, शेवटच्या डोसची वेळ तेवढी नवी.

२०२४ साली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन, फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स आणि अमेरिकन ओव्हरसाइट या संस्थांनी २०१७ ते २०२१ मधल्या कोठडीतल्या ५२ मृत्यूंचे कागद डॉक्टरांकडून तपासून घेतले. त्यांतले ९५ टक्के मृत्यू योग्य उपचार मिळाले असते तर टळले असते किंवा टळू शकले असते, असा निष्कर्ष निघाला. मी इतकी मागे का लागते असं घरचे विचारतात तेव्हा मी हा आकडा सांगते.

"आपण फार्मासिस्ट, आपण कशाला?" असं सहकारी विचारतात. अमेरिकेतल्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांची शपथ २०२१ मध्ये सुधारली, त्यात आरोग्यातल्या समानतेसाठी न्यायाची बाजू मांडण्याचं वचन आहे. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकन फार्मासिस्ट्स असोसिएशनने मृत्युदंडाच्या इंजेक्शनसाठी औषधं पुरवण्यापासून फार्मासिस्टांनी दूर राहावं अशी भूमिका घेतली. म्हणजे सरकारच्या ताब्यातल्या माणसाच्या शरीरात काय जातं आणि काय जात नाही, हा आपल्या व्यवसायाचा विषय आहे, हे आपल्याच संघटनेने मान्य केलेलं आहे.

सुटका झाली तर काय? अनेकांना संध्याकाळी बस स्टँडवर सोडतात, कधी हातात औषधं असतात, कधी नसतात. तुमच्या राज्यात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तातडीची औषधं किती दिवसांची देता येतात ते आत्ताच पाहून ठेवा. ओहायोने २०१५ मध्ये असा कायदा वाढवला, त्यानंतर बऱ्याच राज्यांनी केला. जुन्या पद्धतीचं रेग्युलर आणि एनपीएच इन्सुलिन बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळतं, वॉलमार्टमध्ये बाटली साधारण २५ डॉलरला. पण ग्लार्जिन या दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनवरच्या माणसाला एनपीएच देताना मात्रा आणि वेळा बदलतात, ते समजावल्याशिवाय बाटली हातात देऊ नका. सरकारी अनुदानावरची सामुदायिक आरोग्य केंद्रं आजवर इमिग्रेशनचा दर्जा विचारत नसत, आता तुमच्या भागात काय आहे ते आधी विचारून घ्या.

आणि मायदेशी पाठवलं तर? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यांत तिघं महाराष्ट्रातले होते. अशा माणसाच्या घरच्यांना मी अमेरिकन औषधांची भारतातली नावं लिहून पाठवते. इन्सुलिनवाल्यांसाठी एक ओळ लाल शाईने लिहिते. अमेरिकेत इन्सुलिन साधारणपणे एका मिलिलिटरला १०० युनिटचं असतं, आपल्याकडे ४० युनिटच्या बाटल्या अजून सर्रास मिळतात आणि त्यांची सिरिंज वेगळी असते. अमेरिकेतली सिरिंज घेऊन गावच्या दुकानातली ४० ची बाटली वापरली तर निम्म्याहूनही कमी इन्सुलिन अंगात जातं. उलटं झालं तर अडीचपट जातं, आणि ते जीवघेणं आहे. बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची हवी, एवढं घरातल्या एकाला तरी पाठ करायला लावा.

भारतातून येऊन कोठडीत गेलेल्यांच्या बाबतीत आपल्यासारख्यांचा उपयोग आणखी वेगळा आहे. मधुमेहाची टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड, रक्तदाबाचं सिल्निडिपिन इथे नाहीतच. सगळ्यात फसवं डेफ्लाझाकॉर्ट. इथे ते एका दुर्मीळ स्नायूंच्या आजारासाठी आहे, म्हणून डॉक्टर बुचकळ्यात पडतात. आपल्याकडे दम्यापासून सांधेदुखीपर्यंत कशालाही देतात. ते स्टेरॉइड आहे, सहा मिलिग्रॅम म्हणजे साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. महिनोन्महिने घेणाऱ्याचं एकदम थांबलं तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. "सांधेदुखीची गोळी" म्हणून कोणी सोडून देऊ नये.

आता तुमचा व्हिसा. खरं सांगते, मीही ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत फक्त पत्रं लिहिली, निदर्शनांना गेले नाही. २०१९ च्या डिसेंबरात सॅन डिएगोला डॉक्टर मंडळी कोठडीतल्या लोकांना फ्लूची लस देऊ द्या म्हणून रस्त्यावर बसली, काहींना अटक झाली. मी त्या दिवशी ड्युटीवर होते आणि मनातून त्यांच्यात होते. तुमच्यावर कोणी तसा दबाव आणला तर ऐकू नका. आपल्या पेशंटचा तपशील त्याच्या नव्या उपचारकर्त्यांना पाठवणं हे तुमच्या नोकरीचंच काम आहे, त्याला धाडस लागत नाही. वकिलासाठी पत्र लिहायचं असेल तर ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वेळेत, दुकानाच्या लेटरहेडशिवाय लिहा, आणि लिहिण्याआधी तुमच्या स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. जो तुमचा पेशंट नाही त्याची नोंद दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडून बघू नका, कितीही कळवळा वाटला तरी. कोठडीत फोन करताना तुम्ही कोण आहात ते खरं सांगा. टपालाने गोळ्या पाठवू नका. आणि कोणाच्याही प्रोफाइलमध्ये त्याचा इमिग्रेशनचा दर्जा लिहू नका, दुसऱ्या कोणी लिहिला असेल तर तो तिथे का आहे ते मॅनेजरला विचारा.

गेल्या आठवड्याची गोष्ट म्हणता, म्हणजे तुमच्या पेशंटला एव्हाना हलवलेलं असू शकतं. आधी लोकेटर बघा. मग त्याच्या बायकोला फोन करून दोन गोष्टी विचारा. त्याला नेलं त्या दिवशी त्याने सकाळचं इन्सुलिन घेतलं होतं का, आणि त्यानंतर फोनवर बोलणं झालं असेल तर आत काय मिळतंय असं तो म्हणाला. फिट्सची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर पत्राचा मसुदा आज रात्री मी तपासून देते.